वापरणाऱ्याला विचारावे की त्याचे काम पाहावे?

प्रश्न : कळमना बाजारातील अडत्यांसाठी संत्र्यांच्या लिलावाच्या नोंदी ठेवणारे ॲप आमची छोटी कंपनी तयार करीत आहे. अडत्यांकडून प्रश्नावली भरून घेतली असल्याने त्यांच्या अपेक्षा कळल्या आहेत, असे वरिष्ठांचे मत आहे. तरीही बाजारात जाऊन बसण्याची गरज उरते का? तिथे नेमके काय पाहावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गरज उरते, आणि ॲपची आखणी सुरू होण्यापूर्वीच तुम्ही जायला हवे. प्रश्नावलीत माणूस आपले काम कसे चालायला हवे ते लिहितो. ते प्रत्यक्षात कसे चालते, यातला बराच भाग हाताच्या सवयीत मुरलेला असल्याने त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसतो. 1990 च्या सुमारास लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात बसून तिथले काम न्याहाळले. तिथे प्रत्येक विमानासाठी कागदाची पट्टी असे. एखाद्या विमानाकडे विशेष लक्ष द्यायचे असल्यास नियंत्रक ती पट्टी रांगेतून किंचित बाहेर सरकवून ठेवत आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही ती खूण न बोलता समजे. पट्ट्या हाताने लावता लावताच विमानांची स्थिती त्यांच्या मनात पक्की होत असे. पट्ट्या आपोआप लावून देणाऱ्या यंत्रणेने नेमके हेच हिरावून घेतले असते.

म्हणून मुनिमाच्या शेजारी बसा. भाव ठरल्याबरोबर तो आधी कशावर टिपतो, वहीत केव्हा चढवतो, त्या वेळी त्याचा एक तरी हात मोकळा असतो का, हे पाहा. खोडलेला आकडा दिसला, की कामाचा खोळंबा न करता तिथल्या तिथे "हा का खोडला?" असे विचारा, संध्याकाळपर्यंत त्याचे कारण तो विसरलेला असेल. अडत्याची परवानगी आधी घ्या आणि वहीचे फोटो काढू नका, कारण कोणाची उधारी किती, हा त्यांच्या विश्वासाचा मामला आहे. दुसऱ्याला पाठवून अहवाल मागवण्याने हे साधणार नाही. ज्याला कोड लिहायचा आहे त्यानेच जावे, असे माझे ठाम मत आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आंबिया बहराची संत्री बाजारात येतात, त्या गर्दीत जा. कच्चे ॲप तयार झाले, की फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची संत्री येतील तेव्हा ते त्याच मुनिमाच्या हाती द्या आणि ते बाजूला ठेवून तो पुन्हा कागद केव्हा उचलतो, याची नोंद ठेवा.