घरामागच्या भिंतीवरची कुंभारीण

घराच्या आसपास उगाच भटकताना निसर्गातलं काही अनपेक्षित दिसलंय का, असं विचारलंय तुम्ही. हो, दिसलंय, आणि तेही एका साध्या कंपाउंडच्या भिंतीवर. कुंभारीण माशी!

काहीच काम नव्हतं म्हणून भिंतीच्या कडेकडेने चाललो होतो, तेवढ्यात एक एकदम बारीक कमरेची माशी समोरच्या कोरड्या मातीवर उतरली. आपल्याला वाटतं ती कुठूनतरी ओला चिखल उचलत असेल, पण नाही, ती पोटात पाणी भरून आणते, ते कोरड्या मातीवर ओकते, जबड्याने मळते आणि छोटी गोळी झाली की ती धरून उडते. भिंतीवर त्या गोळीची पातळ पट्टी ओढायची, मग परत पाणी, परत माती, परत पट्टी. मी तिथेच उकिडवा बसलो आणि माझ्या डोळ्यांसमोर जेमतेम सेंटिमीटरभराचं मडकं उभं राहिलं, वर बाहेरच्या बाजूला वळलेला काठ, अगदी पाण्याच्या सुरईसारखा. इतकं सुबक काम मी फार कमी बघितलंय, खरंच.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की खरी गंमत आत असते. रिकाम्या मडक्यात ती एकच अंडं घालते, तेही आतून बारीक धाग्याने टांगलेलं. मग झाडांवरच्या अळ्या पकडून आत भरते. डंख मारून त्यांना फक्त लुळं करते, जीव घेत नाही, म्हणजे पिल्लू बाहेर येईपर्यंत खाणं ताजं राहतं. मग तोंड मातीने बंद करून निघून जाते. पिल्लाला आई कधी भेटतच नाही, आणि तरी त्यातली मादी मोठी होऊन अगदी तसंच मडकं घडवते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही माशी एकटी राहते, पोळं करत नाही, उगाच कोणाला चावायला येत नाही, त्यामुळे जवळून बघायला काही हरकत नाही, फक्त हात लावू नका. आणि भिंत साफ करताना किंवा रंगवताना असं मडकं दिसलं तर आधी नीट बघा. गोल भोक असेल तर आतला जीव उडून गेलेला असतो किंवा काम अजून चालू असतं, आणि तोंड बंद असेल तर प्लीज खरवडू नका, आत कोणीतरी वाढतंय.