बटण दाबल्यावर ‘टक’ आवाज येतो, पण बोटीचे आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेले) इंजिन वर उचलले जात नाही. ते उचलणारी मोटर बदलावी का?

लगेच बदलू नये. रिलेचा (बटण दाबल्यावर मोटरचा वीजप्रवाह चालू करणाऱ्या विद्युत स्विचचा) ‘टक’ आवाज येतो, याचा अर्थ बटणापासून रिलेपर्यंतचे वायरिंग बहुधा ठीक आहे आणि दोष त्यापुढे, म्हणजे रिलेच्या आतील संपर्कांत, जोडण्यांत किंवा खुद्द मोटरमध्ये आहे. खाऱ्या पाण्यातल्या बोटींवर गंजलेली अर्थिंगची जोडणीच पुष्कळदा दोषी निघते, आणि नवी मोटर विनाकारण विकत घेतली जाते.

मोटरकडे जाणाऱ्या दोन जाड वायरींवर (बहुतेक इंजिनांत निळी व हिरवी) मल्टिमीटर (विद्युतदाब मोजणारे उपकरण) लावून सहकाऱ्याला बटण दाबण्यास सांगावे. तेथे 12 व्होल्टच्या आसपास विद्युतदाब मिळत असूनही मोटर फिरत नसेल, तर तिचे कार्बन ब्रश झिजले असावेत किंवा आत पाणी शिरले असावे. दाब फारच कमी असेल, तर बॅटरी तपासून तेथून मोटरपर्यंतची प्रत्येक जोडणी घासून स्वच्छ करावी. दोन्ही रिले (एक वर नेण्याची, एक खाली आणण्याची) सारख्याच असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहावी. इंजिन आता वर जाऊ लागले आणि खाली येईनासे झाले, तर रिलेच खराब आहे.

मोटर फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, अशी स्थिती असल्यास प्रश्न विजेचा नाही. इंजिन बोटीला जोडणाऱ्या ब्रॅकेटच्या बाजूचा हाताने उचलण्यासाठीचा व्हॉल्व्ह सैल राहिला आहे का, हे आधी पाहावे. मग इंजिन हाताने पूर्ण वर उचलून, आधाराच्या खिट्टीवर पक्के टेकवून, उचलण्याच्या यंत्रणेतील तेलाची पातळी तपासावी. त्या आधाराशिवाय तेलाचे झाकण कदापि उघडू नये.