सन कोन्युर आणि कॉकटेल (कॉकाटील) ह्या पाळीव पोपटांसाठी कोणते पेलेट (गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य) घ्यावेत? बिया पूर्ण बंद कराव्यात का?

रंगीत घेऊ नका. दुकानदार "सगळ्यात पौष्टिक" म्हणून जे लाल-हिरवं-पिवळं पाकीट तुमच्या गळ्यात मारतोय, त्यात रंग असतो आणि बहुतेक वेळा साखरही असते. शिवाय पक्षी त्यातला एक आवडता रंग निवडून खातो, बाकीचे खाली टाकतो, आणि त्याची शीट रंगीत होते. आजारी पक्षी ओळखायची पहिली खूण म्हणजे शीट. तीच रंगली तर तुम्ही बघणार काय?

ब्रँडचं पुढे सांगते. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की दोघंही सूर्यफुलाच्या बियांशिवाय कशाला तोंड लावत नाहीत आणि घरचे म्हणतात, "पक्ष्याला काय खायचं ते त्याला कळतं." हे वाक्य वाचलं आणि मी उत्तर लिहायला बसले. आमच्या घरी ह्याच वाक्यापायी एक पक्षी मरता मरता वाचला.

आम्ही डोंबिवलीला राहतो. मन्या हा आफ्रिकन ग्रे (राखाडी पोपट) मूळचा माझ्या दिरांचा. भावजी मस्कतला नोकरीला गेले आणि मन्या पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. सोबत एक डबा आला: सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, थोडी करडई. वरून तोंडी सूचना, सकाळी भिजवलेली हरभरा डाळ आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. पोपटाला चहा! मी पहिल्याच दिवशी चहा बंद केला आणि फोनवर बाकीच्याबद्दलही बोलले. भावजींचं उत्तर ठरलेलं. "वहिनी, त्याच्या खाण्याला हात लावू नका. इतकी वर्षं हेच खातोय, कसा टुणटुणीत आहे बघा. पक्ष्याला कळतं."

त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, खाली सोसायटीत माळ लागली आणि मन्या दांडीवरून पिंजऱ्याच्या तळाशी पडला. पंख ताणलेले, पंजे घट्ट आवळलेले, मान मागे वळलेली, सगळं अंग थरथरत होतं. मी त्याला टॉवेलात सैल गुंडाळून अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. जवळच्या डॉक्टरांना फोन केला, ते कुत्र्या-मांजरांचे. ते म्हणाले, आवाजाने घाबरलाय, होईल बरा. पहाटे पुन्हा तसाच झटका आला. मग मी थांबले नाही, पक्ष्यांचंच काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई मुंबईत आहेत, त्यांच्याकडे टॅक्सीने घेऊन गेले.

त्यांनी रक्त तपासलं. कॅल्शियम फारच खाली होतं. ग्रे जातीत हे इतकं नेहमीचं आहे की झटका आलेला ग्रे समोर आला की पक्ष्यांचे डॉक्टर आधी कॅल्शियमच बघतात. त्यांनी इंजेक्शन दिलं, मग घरी द्यायला ड जीवनसत्त्व असलेलं कॅल्शियमचं औषध दिलं, आणि मला बसवून सूर्यफुलाचं गणित समजावलं. ते गणित मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते. सोललेल्या बीमध्ये निम्मी चरबी. शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस साडेसहाशेच्या पुढे, म्हणजे कॅल्शियमच्या आठपट. पोपटाला हवं असतं उलटं, फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. फॉस्फरस इतका चढला की अन्नातलं थोडंफार कॅल्शियमही धड अंगी लागत नाही. अ जीवनसत्त्व तर जवळजवळ शून्य. शेंगदाण्याची गत वेगळी नाही, वर बुरशीच्या विषाचा धोका, आणि आपल्या पावसाळ्यात तो धोका नुसता कागदावरचा नाही.

भावजींना फोन केला तर ते म्हणाले, "फटाक्यांनी झालं." फटाक्यांचा हात होताच, मी नाही म्हणत नाही. कॅल्शियम आधीच काठावर असलेल्या पक्ष्याला असा धक्का बसला की झटका येऊ शकतो. पण त्याच माळेने शेजारच्या बाल्कनीतले लव्हबर्ड पडले नाहीत. काठावर त्याला आणलं ते त्या डब्याने.

"जंगलात बियाच खातात ना?" हा त्यांचा दुसरा मुद्दा. जंगलातला ग्रे पाम तेलाच्या झाडाची फळं खातो, आणि त्या फळाच्या गरात कॅरोटीन ठासून भरलेलं असतं, ज्यातून अ जीवनसत्त्व बनतं. शिवाय तो फळं, फुलोरा, कोवळी पानं, साल असं मिळेल ते खातो, त्यासाठी कित्येक किलोमीटर उडतो आणि दिवसभर उन्हात असतो. आपल्या पिंजऱ्यातल्या वाटीत दोनच गोष्टी असतात आणि तो त्यातली जास्त तेलकट उचलतो. ह्यात त्याला कळण्याचा प्रश्न येतो कुठे? जंगलात चरबी मुश्किलीने मिळते, म्हणून ती दिसली की आधी खायची, ही ओढ त्याच्या रक्तातच आहे.

आणि तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला: "पेलेट म्हणजे कोंबडीखाद्य. कोंबडीचं खाणं घालून तुम्ही माझा पक्षी मारणार." ह्याचं उत्तर नीट ऐका, कारण काही लोक पैसे वाचवायला खरंच कोंबडीखाद्य घालतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंड्याच्या कवचासाठी. पोपटाला एवढं घातलं तर मूत्रपिंड जातं. काही कोंबडीखाद्यांत औषधंही मिसळलेली असतात. पोपटाचे पेलेट वेगळे बनतात आणि त्यामागे पोपटांवरच केलेलं काम आहे. टॉम राउडीबुश यांनी कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात कॉकटेलच्या आहारावर संशोधन केलं आणि त्यावरून स्वतःचं खाद्य काढलं. हॅरिसन आणि लफेबर ह्या दोन्ही कंपन्यांमागे पक्ष्यांचे डॉक्टर आहेत.

मन्याचं खाणं बदलायला बरेच आठवडे लागले. मी पहिल्यांदा ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा आणला आणि रोज सकाळी, पहिली शीट झाल्यावर, खाण्याआधी त्याचं वजन घेऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायला लागले. हा काटा नसेल तर आहार बदलायला हातच घालू नका. पोपट हट्टाने उपाशी राहतो, वाटीत खाणं असताना मरतो. पेलेट फोडतो, भुगा करतो, आपल्याला वाटतं खातोय, पोटात काही जात नाही. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली की थांबायचं आणि जुनं खाणं परत द्यायचं. तुमचा कोन्युर शंभर-एकशेवीस ग्रॅमचा असेल, म्हणजे दहा-बारा ग्रॅम. कॉकटेल नव्वदच्या आसपास, तिथे नऊ ग्रॅमही जास्त. शीट अगदी थोडी, काळपट हिरवी व्हायला लागली तर पोटात काही नाही असं समजा.

सकाळी भूक असते तेव्हा आधी पेलेट, बिया संध्याकाळी आणि मोजून. मन्या पेलेटला शिवत नव्हता. मग मी ते मिक्सरला फिरवून त्याच्या आवडीच्या लाल भोपळ्याला चोळले, तो भोपळ्याबरोबर चव शिकला. पुढे कोमट पाण्यात मऊ करून दिले. (ओलं खाणं दोन तासांत उचलायचं, आपल्या हवेत ते आंबतं.) शेवटी काम झालं ते वेगळ्याच युक्तीने: मी नाश्त्याला बसताना तेच पेलेट माझ्या ताटलीत ठेवून खाल्ल्यासारखं करायला लागले. थव्यातला पक्षी दुसरा खातो ते खातो. तो खांद्यावरून उतरला, माझ्या ताटलीतला उचलला आणि भावजींच्या आवाजात "वहिनी, चहा" म्हणाला. त्या सकाळचा मला आजही अभिमान आहे. त्यानंतर झटका आलेला नाही आणि रक्तातलं कॅल्शियम जागेवर आहे.

आता तुमचं. कोन्युरला बिनरंगी पेलेट पोटभर चालतील, साधारण दोन-तृतीयांश पेलेट आणि उरलेलं भाजी-फळ. बिया फक्त हातातून, शिकवताना बक्षीस म्हणून. कॉकटेलचं मात्र मी निम्म्यावर ठेवीन. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचा, गवताचं बी खाणारा पक्षी आहे. राळे, वरी अशी बारीक धान्यं त्याला राहू द्या, सूर्यफूल काढा.

ब्रँड म्हणाल तर हॅरिसन, राउडीबुश, झुप्रीमचा नॅचरल (फ्रूटब्लेंड नाही, तो रंगीत), व्हर्सेले-लागाचा बिनरंगी न्यूट्रीबर्ड, ह्यांपैकी तुमच्याकडे सीलबंद आणि ताज्या तारखेचा जो मिळेल तो. न्यूट्रीबर्डवरचा आकडा म्हणजे प्रथिनांची टक्केवारी. पी१९ हा जोडीला पिल्लं काढताना द्यायचा, घरातल्या एकट्या पक्ष्याला बारा महिने नको. "जास्त प्रोटीन, जास्त ताकद" हे दुकानदारांनी व्यायामशाळेतून उचललेलं आहे. आकार चोचीला बेताचा घ्या, कॉकटेलला बारीक. आणि मोठ्या पोत्यातून काढून पारदर्शक पिशवीत भरलेले सुटे पेलेट फुकट दिले तरी घेऊ नका. तारीख नाही, हवा लागलेली. घरीही लहान पाकीट आणून हवाबंद डब्यात, पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा.

भाजीत शेवग्याची पानं, मेथी, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, ढोबळी मिरची. पालक कधीमधी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी कधीच नाही. पिंजऱ्यात समुद्रफेन टांगा. पेलेट सुरू झाले की पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वाचे थेंब बंद करा, अ आणि ड दोन्ही जास्त झाले की विषारी ठरतात. ऊनही द्या, पण काचेआडून नाही, काच कामाचे (अतिनील) किरण अडवते. ब्रिटनचे पक्षीतज्ज्ञ डॉक्टर मायकल स्टॅनफर्ड यांनी ग्रे पोपटांवर दाखवून दिलंय की असे किरण मिळाले की रक्तातलं कॅल्शियम सुधारतं. आमच्या बाल्कनीला जाळी आहे, सकाळचं कोवळं ऊन थेट येतं.

हे सगळं सगळ्या पोपटांना लागू नाही. लोरीला मधुरस लागतो, तिला कोरड्या पेलेटवर ठेवू नका. एक्लेक्टसच्या बाबतीत नुसत्या पेलेटबद्दल बऱ्याच तक्रारी आहेत, त्याला भाज्या-फळं जास्त. आपला हिरवा राघू पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याच्या आहाराचं मला विचारू नका. ग्रे आणि कोन्युर ह्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, केली नसेल तर करा. आणि पक्षी आधीच आजारी वाटत असेल, फुगून बसत असेल, तर आहार बदलायच्या आधी डॉक्टर. वर्षानुवर्षं सूर्यफुलावर असलेल्या पक्ष्याच्या यकृताला चरबी चढलेली असू शकते, त्याला एक दिवसाचा उपासही झेपत नाही.

घरच्यांचं काय करायचं तेही सांगते. वाद घालू नका, रक्त तपासून घ्या आणि कागद दाखवा. भावजींना मी मन्याचा कागद पाठवला होता, त्यावर त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. आता तिकडे त्यांनी त्यांच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या पुतणीसाठी, कॉकटेलची जोडी घेतली आहे, आणि वाटीत पुन्हा तेच सूर्यफूल. परवा व्हिडिओ कॉलवर नराच्या नाकपुड्यांवरची पिसं ओली, चिकटलेली दिसली आणि तो सारखा शिंकत होता. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाका-तोंडाच्या आतलं अस्तर खराब होतं आणि तिथे संसर्ग बसतो, सुरुवात अशीच दिसते. मी पुतणीला सांगितलंय की बाबांना विचारत बसू नकोस, आईला घेऊन डॉक्टरकडे जा. तुमच्याही कॉकटेलच्या नाकपुड्या आज उजेडात नीट बघा.