हॉल सेन्सर (मोटरमधले मॅग्नेट कुठे आहेत ते कंट्रोलरला सांगणारे) गेलेल्या ई-सायकलला सेन्सरलेस कंट्रोलर लावलाय, उभ्या जागेवरून नुसती थरथरते पण ढकलली की नीट पळते. मोटर गेली का?

नाही हो, मोटर गेलेली नाही. ढकलल्यावर नीट पळते म्हणजे वाईंडिंग आणि मॅग्नेट दोन्ही ठीक आहेत, उगाच रिवाईंडिंगला पैसे घालवू नका.

मोटरच्या तीन फेज वायरपैकी एका वेळी दोनमधूनच करंट जातो, तिसरी मोकळी असते. मॅग्नेट वाईंडिंगसमोरून सरकले की या मोकळ्या वायरवर मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि सेन्सरलेस कंट्रोलर तेच बघत असतो, ते बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजला ओलांडलं की तिथून ३० इलेक्ट्रिकल डिग्रीनंतर (मॅग्नेटची एक जोडी सरकली की ३६० इलेक्ट्रिकल डिग्री) पुढची स्टेप द्यायची, म्हणजे करंट वायरच्या पुढच्या जोडीत वळवायचा, बस. हे व्होल्टेज हाताला जाणवतंसुद्धा, कंट्रोलर काढून दोन फेज वायर एकमेकींना जोडा आणि चाक फिरवून बघा, लगेच जड लागेल (मोटर गिअरवाली असेल तर चाक उलटं फिरवा).

आता अडचण अशी की हे व्होल्टेज स्पीडच्या प्रमाणात येतं, म्हणजे चाक थांबलेलं असताना ते शून्य. मग कंट्रोलर अंदाजाने स्टेप देत वेग वाढवत नेतो आणि व्होल्टेज दिसायला लागलं की त्यावर जातो. ड्रोनच्या पंख्याला किंवा छताच्या बीएलडीसी फॅनला हे छान जमतं कारण सुरुवातीला लोड जवळपास नसतोच, पण सायकलवर अख्खा माणूस बसलेला असतो, त्यात चढ असेल तर कंट्रोलरच्या स्टेप पुढे निघून जातात आणि चाक तिथेच राहतं. तीच तुमची थरथर. ४६ मॅग्नेटच्या हब मोटरला एका फेऱ्यात १३८ स्टेप लागतात, २६ इंची चाकावर म्हणजे दर दीड सेंटिमीटरला एक, इतक्या बारीक हिशोबात अंदाज चुकणारच.

म्हणून दोन-तीन पॅडल मारून मगच थ्रॉटल द्या. डायरेक्ट ड्राइव्ह (बिनगिअरची हब मोटर) असेल तर चाकाबरोबर मोटर फिरते आणि व्होल्टेज आधीच तयार असतं. गिअरवाल्या हबमध्ये क्लचमुळे मोटर थांबलेलीच राहते, पण मग ती आत मोकळीच सुरू होते आणि वेग पकडून चाकाला लागते, त्यामुळे तिथेही फायदा होतोच. थरथरत असताना थ्रॉटल दाबून मात्र धरू नका, कंट्रोलरमधले मोसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) जळतात.

रोज चढावरच सायकल काढायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे, हब उघडून तिन्ही हॉल सेन्सर बदलून घ्या आणि कंट्रोलर दोन्ही मोडवाला (सेन्सरवर आणि सेन्सरशिवायही चालणारा) लावा, म्हणजे पुढे कधी पावसात सेन्सर गेलेच तरी पॅडल मारून घरापर्यंत याल.