बोरीची रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात का वाळतात

ठाण्याजवळच्या येऊरच्या पायथ्याला हरणांसाठी लावलेली बोरीची रोपं पावसाळाभर टवटवीत होती आणि दुसऱ्या एप्रिलात उभ्या उभ्या वाळली, असं तुम्ही लिहिलंय. पाणी कमी पडलं असं सगळे सांगतील. मला नाही वाटत. वाळलेलं एक रोप उपटून मूळ बघा. बहुतेक पिशवीच्या तळाएवढं वेटोळं सापडेल.

बोरीचं सोटमूळ आधी खोल जातं, शेंडा मागाहून वाढतो. पाच बाय सात इंचांच्या पिशवीत ते तळाला लागून गोल फिरतं, नाहीतर भोकातून जमिनीत उतरतं आणि पिशवी उचलताना तुटतं. पावसात वरच्या ओलीवर पानं हिरवी राहतात. मुरूम तापला की खाली काहीच नसतं. माझी मोठी चूक हीच, उंची बघून दोन वर्षांची रोपं घेतली. फुकट वाटणाऱ्या कचेरीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या वहीत लावलेली रोपं मोजतात, जगलेली नाही. रोपं मेल्याचं कळवलं तर म्हणे, नवा अर्ज करा!

त्यापेक्षा बी जागेवरच टोका. जानेवारी-फेब्रुवारीत पिकलेल्या रानबोरांच्या आठळ्या धुऊन सावलीत वाळवा. पेरायच्या आधी लिटरभर पाण्यात १७५ ग्रॅम मीठ घालून त्यात टाका. तरंगतील त्या फेका, बुडालेल्या साध्या पाण्यात खळबळून घ्या. हातोडीने हलकेच तडकवून आतली बी अख्खी निघाली तर आठवड्याभरात उगवते. न फोडता पेरली तर तीन-चार आठवडे. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर खड्ड्यात दोन बिया, दोन-तीन सेंमी खोल. पिशवीच हवी असेल तर फूटभर उंचीची घ्या, विटांवर ठेवा आणि दोन महिन्यांत लावून मोकळे व्हा.

अ‍ॅपल बोराचं, म्हणजे मोठ्या फळाच्या बागायती जातीचं कलम मात्र नको. ते बागेत ठीक, चितळांना रानबोरच पुरे. पडलेली फळं आणि पाला दोन्ही खातात.

फळ त्याच वर्षीच्या फुटव्यावर धरतं, म्हणून झाड मोठं झाल्यावर छाटणी एप्रिल-मेमध्ये. छाटलेल्या काटेरी फांद्या लहान रोपांभोवती रोवा. हरणांआधी शेळ्या येतात. वणवा पोचू नये म्हणून भोवतालचं गवत हातभर काढा.

मी वनखात्यातला नाही, पण एवढं नक्की: हे फक्त स्वतःच्या जागेत करा. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय एक बीही नको. घराला आणि रस्त्याला लागूनही लावू नका. हरणं आली की मागून कुत्री येतात, आणि येऊरला बिबट्याही.