सिस्टरताईंना विचारा : पाणी पिऊन जाऊचा खंय?

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. थिसिससाठी महिलांच्या आरोग्यावरचा विषय हवाय. लायब्ररीत सिनियर्सचे थिसिस चाळले तर सगळे सारखेच, अमक्या विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा (म्हणजे आखून दिलेल्या शिकवणीचा) ज्ञानावर परिणाम, साठ बायका, शिकवण्याआधी प्री-टेस्ट, नंतर पोस्ट-टेस्ट. गाईड मॅडम म्हणतात तोच पॅटर्न घे, लवकर सुटशील. पण सध्या रिसर्च नक्की कशावर चाललाय आणि मी काय घेऊ?
– एक विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : अगं बाय, लवकर सुटशील हे अगदी खरं, मी पण तशीच सुटले. माझा विषय अ‍ॅनिमिया, तक्ते दाखवून शिकवलं आणि आठवड्याने पोस्ट-टेस्ट घेतली तर सगळ्यांचे मार्क वाढलेले, वाढणारच ना, मीच तर सांगितलेलं सगळं. आता आपल्या राज्याचा आकडा बघ, १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला अ‍ॅनिमिया २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४८ टक्के होता, तो २०१९-२१ ला ५४.२ वर गेला. पालेभाजी खा म्हणून सांगणारं कोणी भेटलं नाही म्हणून असं झालं, हे काही मला पटत नाही.

नोकरीत असताना एकदा आमच्याकडच्या एका मासळी बाजारात लघवीच्या इन्फेक्शनचे तक्ते घेऊन गेले होते. भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, माझं चालूच. एक मावशी सुरमई कापत होती, तिने मान वर न करता विचारलं, "पाणी पिऊन जाऊचा खंय?" पहाटे पाचला येऊन बसते ती दुपारी दोनला उठते, बाजारातल्या संडासाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही, म्हणून चहासुद्धा अर्धाच कप. तिची प्री-टेस्ट घेतली असती तर दहापैकी दहा मिळाले असते गो तिला!

तर सध्या जे चांगलं काम चाललंय ते असल्या प्रश्नांपासून सुरू होतं, त्याची जुनी उदाहरणं आधी बघ. जीन मॅक्स्वीनी म्हणून अमेरिकेतली नर्स-संशोधक आहे, तिने हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं की आधी काय काय होत होतं, तर ७० टक्के जणी म्हणाल्या कधी नव्हे असा थकवा, जवळजवळ निम्म्यांची झोप उडालेली, आणि प्रत्यक्ष अटॅकच्या वेळी ४३ टक्के जणींच्या छातीत दुखलंच नाही. हे २००३ साली छापून आलं. जॅकलिन कॅम्पबेल, ती पण नर्सच, तिने १९८५ मध्ये मारहाण सोसणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे ते ओळखायची प्रश्नावली बनवली. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग, अभय बंग यांनी केलेलं काम, ते नर्सिंगचं नाही पण प्रत्येक नर्सने वाचावं असं, दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या तर ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, बाकीचं तिनं सोसायचं. आता पाळी जातानाचा त्रास, अंग (गर्भाशय) बाहेर येणं, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, लेबर रूममध्ये आपण बायकांवर कसे ओरडतो, या सगळ्यावर नर्सेस लिहितायत.

तुझ्यासाठी विषय म्हणशील तर काजूच्या फॅक्टरीत जा. दिवसभर बसून बिया फोडणाऱ्या, टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडलेली, त्या बायका पाळीच्या दिवसांत काय करतात, कंबर कशी धरते, सुट्टी मागितली तर काय ऐकावं लागतं. बारा-पंधरा जणींशी निवांत बोल, परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. 'योनीस्राव होतो का' असं पुस्तकी विचारलंस तर सगळ्या नाही म्हणतील, 'अंगावरून पांढरं जातं का' विचार, ते पण सासू उठून गेल्यावर. भातलावणीच्या दिवसांत मात्र जाऊ नकोस, कोणी भेटायचं नाही. गाईड मॅडमना सांग, क्वालिटेटिव्ह आहे, म्हणजे आकडे नाहीत, बायकांचं बोलणं, स्टॅटिस्टिक्सवाल्याचे पैसे वाचतील, हा मुद्दा लगेच पटतो.

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत नर्सिंगच्या मुली आल्या, फॉर्म भरले, बोटातून रक्त घेतलं, सह्या घेतल्या आणि गेल्या. काय निघालं ते अजून कळलं नाही. पुढच्या वेळी आल्या तर घालवून देऊ का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : घालवू नका हो, पण सही करण्याआधी कागद वाचून दाखवायला लावा. नको म्हणायचा आणि मधेच सोडायचा पण तुम्हाला हक्क आहे, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे. हिमोग्लोबिनचा आकडा तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून मागा, गरोदर असाल तर ११ च्या खाली आणि एरवी १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, मग ती चिठ्ठी घेऊन उपकेंद्रात जायचं. आणि संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे ठेवायची, त्यावर फोन नंबर असतो, गणपती झाले की फोन करून विचारायचं, काय गो बाय, आमचं रक्त घेऊन गेलीस त्याचं काय झालं?