हायफूचं पॅकेज साडेसहा लाखांचं, पण हिशेब तिथे संपत नाही

प्रश्न: वय ६७, जिल्हा परिषदेतून निवृत्त, राहायला नाशिकला. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ७.८ आला. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) डाव्या बाजूला एकच गाठ दिसली, बायोप्सीत कर्करोग निघाला, ग्लीसन (त्याची तीव्रता सांगणारी श्रेणी) ३+४. मुंबईच्या एका रुग्णालयाने हायफू (ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याचा उपचार) सुचवलं आहे, पॅकेज ६.५ लाख. नाशिकला रेडिएशनचा अंदाज ४.२ लाख. आम्हा नवरा-बायकोची ५ लाखांची फ्लोटर आरोग्य विमा पॉलिसी (दोघांत मिळून एकच रक्कम) ११ वर्षं चालू आहे. पेन्शन ३१ हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख (खातं १४ महिन्यांपूर्वीचं), एफडी ६ लाख, बचत खात्यात १.८ लाख, इक्विटी फंडात ४ लाख (त्यातला नफा १.१ लाख). पोस्टातलं खातं मोडून हायफू करून घ्यावं का?

उत्तर: पोस्टातलं खातं मोडू नका. हायफू करायचं ठरलं तरी मोडू नका. आधी हे पाहू, की साडेसहा लाखांत नेमकं काय मिळतं.

चिरफाड नाही म्हणून हा उपचार दाढ काढण्याइतका सोपा वाटतो. प्रत्यक्षात पूर्ण भूल किंवा कमरेतून भूल द्यावी लागते. गुदद्वारातून प्रोब आत जातो, त्याभोवती थंड पाणी फिरत राहतं आणि ध्वनिलहरी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर एकवटतात. तिथलं तापमान काही सेकंदांत ६० अंशांच्या बरंच वर जातं आणि पेशी मरतात. मग पुढचा दाणा. असे शेकडो दाणे करत दोन-तीन तास जातात. घरी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात, पण लघवीची नळी काही दिवस, कधी दोन आठवडेही ठेवावी लागते. नंतर काही आठवडे लघवीत जळजळ, थोडं रक्त, मेलेल्या पेशींचे तुकडे हे चालायचंच. लघवी अडणं, जंतुसंसर्ग, पुढे मूत्रमार्ग अरुंद होणं, लैंगिक ताठरता कमी होणं हेही घडू शकतं. गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यात भोक पडणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर मोठं ऑपरेशन लागतं.

ग्रंथीचा काही भागच जाळला, तर उरलेला भाग पीएसए तयार करत राहतो. म्हणजे आकडा शून्यावर येत नाही, तो घसरून कुठे स्थिरावतो ते पाहायचं असतं. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पीएसए, नंतर सहा महिन्यांनी, ठरावीक काळाने एमआरआय आणि साधारण वर्षभराने पुन्हा बायोप्सी. तुम्ही कळवलेल्या दरांनी (पीएसए ८००, एमआरआय ९,०००, बायोप्सी ३०,०००) दोन वर्षांत सहा पीएसए, दोन एमआरआय आणि एक बायोप्सी धरली तर ५२,८०० रुपये होतात. नाशिक-मुंबई खेपा आणि राहणं यांसाठी आणखी २५ हजार धरा.

याहून मोठा प्रश्न दुसऱ्या वेळेचा आहे. ब्रिटनमध्ये हायफू घेतलेल्या १,३७९ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात वर्षांनंतर सुमारे ६९ टक्के पुरुषांचा उपचार यशस्वी राहिला होता, म्हणजे त्यांना पूर्ण ग्रंथीचं ऑपरेशन, रेडिएशन किंवा त्यापुढचं काही लागलं नव्हतं. पण त्या अभ्यासात एकदा पुन्हा हायफू करणं हे अपयशात मोजलेलं नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. तुमच्या पासबुकात मात्र ते आणखी एक साडेसहा लाख आहेत. हा एक मुद्दा कागदावर लिहून समोर ठेवा.

आता विमा. २०१९ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने) १२ आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळू नयेत असं सांगितलं, पण त्यांवर मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना ठेवली. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त २.५ लाख देईल. त्या यादीत हायफू पहिल्याच ओळीत आहे, पण गर्भाशयाच्या धमनीवरच्या उपचाराला जोडून. ती ओळ वाचणाऱ्याला हायफू फक्त गर्भाशयाच्या गाठींसाठीच वाटू शकतं, आणि मग प्रोस्टेटसाठी हा 'सिद्ध न झालेला उपचार' असा शेरा येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांच्या नियामकाने) २०१५ मध्ये हायफूच्या यंत्राला मंजुरी दिली तीही प्रोस्टेटच्या पेशी नष्ट करण्यासाठी, कर्करोग बरा करण्याच्या दाव्यासाठी नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी प्रोस्टेटचा कर्करोग आणि हायफू हे दोन्ही शब्द असलेली लेखी पूर्वमंजुरी हातात हवी. फोनवरचं 'होऊन जाईल' धरू नका. नाकारलंच, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या बिमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही.

रोबोटिक शस्त्रक्रियाही त्याच यादीत आहे, तिलाही हीच अर्धी मर्यादा. नेहमीचं रेडिएशन यादीत नाही, त्यामुळे ४.२ लाखांचा खर्च पूर्ण ५ लाखांच्या छत्राखाली येतो. मात्र मोजक्या बैठकांत जास्त मात्रा देणारं स्टिरिओटॅक्टिक तंत्र वापरणार असतील तर ते यादीतल्या नावाशी जुळतं. म्हणून नाशिकच्या रुग्णालयाला तंत्राचं नाव, बैठका किती आणि सोबत हॉर्मोनची इंजेक्शनं लागणार का, हे विचारून घ्या.

बेरीज अशी: हायफूत तुमच्या खिशातून ४ लाख, तपासण्या ५२,८००, प्रवास २५ हजार, म्हणजे सुमारे ४.८ लाख. रेडिएशनमध्ये विम्यात न बसणारे किरकोळ आकार आणि नंतरचे पीएसए, म्हणजे काही हजार. फरक चार लाखांच्या पुढे. एक गोष्ट हायफूच्या बाजूने: पॉलिसी फ्लोटर आहे. हायफूनंतर या वर्षात तुमच्या पत्नीसाठी २.५ लाख शिल्लक राहतात, रेडिएशननंतर ८० हजारच.

हे चार लाख वाया जातात असं मी म्हणणार नाही. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता टिकण्याची शक्यता वाढत असेल, तर निवृत्त माणसाने त्यासाठी पैसे मोजणं पूर्णपणे योग्य आहे. अट एकच, की तुम्ही खरोखर योग्य उमेदवार असायला हवं. ग्रंथी मोठी असेल, आत कॅल्शियमचे खडे असतील किंवा गाठ पुढच्या बाजूला असेल तर लहरी नीट पोचत नाहीत. काही वेळा आधी ग्रंथी तासून लहान करावी लागते, त्याचं बिल वेगळं. म्हणून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे), एमआरआयची सीडी (नुसता रिपोर्ट नव्हे) घेऊन टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्या. तीन प्रश्न विचारा: एका बाजूचं हायफू माझ्यासाठी पुरेसं आहे का, गाठ परत आली तर पुढे काय, आणि सध्या नुसती देखरेख चालेल का. घाई नको. ब्रिटनच्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन दिलं होतं. बहुतेकांचा आजार कमी जोखमीचा होता, आणि १५ वर्षांनंतर या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होते. दोन-तीन आठवडे दुसऱ्या मतासाठी घालवल्याने तुमचं नुकसान होणार नाही. 'या आठवड्यात भरलंत तर सवलत' असं कुणी म्हटलं तरी थांबा. फक्त तारखांवर लक्ष ठेवा: भरतीपूर्वीच्या तपासण्यांचे पैसे बहुतेक पॉलिसी ३० किंवा ६० दिवसांचेच देतात.

मुंबईच्या अंदाजपत्रकात भूलतज्ज्ञ, सर्जन, यंत्राचं भाडं, एकदाच वापरायचं साहित्य, नळी काढण्याची खेप आणि एक रात्र जास्त लागली तर तिचा दर, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा.

दोन्ही मतं हायफूच्या बाजूने आली, तर पैसे असे उभे करा. आधी इक्विटी फंड विका. पुढच्या काही वर्षांत उपचारासाठी लागू शकणारा पैसा बाजारात ठेवायचा नसतो, आणि १.१ लाखांचा दीर्घकालीन नफा १.२५ लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतो (या आर्थिक वर्षात दुसरा असा नफा नसेल तर). हे ४ लाख आणि बचत खात्यातले ८० हजार, झाले ४.८. कॅशलेस मिळालं नाही तर विम्याचे २.५ लाख काही आठवडे तुम्हाला घालावे लागतील. त्यासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (तिच्या तारणावरचं कर्ज) घ्या. दर एफडीपेक्षा साधारण एक टक्का जास्त असतो. ८ टक्के धरले तर दोन महिन्यांचं व्याज जेमतेम ३,३०० रुपये.

पोस्टातल्या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, चार लाखांसाठी पंधराच्या पंधरा बंद करावे लागतात. एक वर्ष झालं, दोन झाली नाहीत, म्हणून दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील. वर दर तिमाहीला येणारे ३०,७५० बंद. महिन्याचे १०,२५० गेले की घरखर्च ३१ हजारांच्या पेन्शनवरच येतो.

६ लाखांची एफडी दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा. एकच मोठी असेल तर मुदत संपल्यावर दोन-दोन लाखांच्या तीन करा, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येईल. नवी टॉप-अप पॉलिसी (आहे त्या विम्याच्या वरचं जादा छत्र) या आजारासाठी आता उपयोगाची नाही, निदान आधी झालेलं असल्याने तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, आणि तीही अर्ज मंजूर झाला तर. जुनी पॉलिसी मात्र एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि नव्या पॉलिसी वर्षात हायफूची २.५ लाखांची मर्यादा पुन्हा मोकळी होते. हप्त्याची तारीख तुमच्यासोबत मुलाच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा.